मुख्य हार्ड डिस्क पुसणे आणि फॉरमॅट करणे (विंडोज, लिनक्स, थोडं मॅक)

खटपट्या

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुना पीसी विकायचाय, भाचीला द्यायचाय, लिनक्स टाकायचंय, तर डिस्क कशी फॉरमॅट करू, हा प्रश्न सारखा येतोय. उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. स्वतःचे किस्से नकोत, नेमकी माहिती टाका.

सुरुवात अगदी मुळापासून. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट म्हटलं की विंडोज नकार देतं. ज्या पार्टिशनवरून (डिस्कच्या ज्या भागावरून) ते चालू आहे त्यावरच्याच फायली उघड्या असतात, त्यामुळे ते होणारच नाही. मुख्य डिस्कसाठी पीसी दुसऱ्या कशावरून तरी सुरू करावा लागतो: विंडोजचा इन्स्टॉलर असलेला पेन ड्राइव्ह, लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा), किंवा बायोसमधली (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधली) सोय.

दुसरं म्हणजे, क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही. फाइल सिस्टिमचे तक्ते (कोणती फाइल कुठे आहे त्याची यादी) नव्याने लिहिले जातात, जुन्या फायलींचे सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) हार्ड डिस्कवर तसेच पडून राहतात. रिकव्हरीचं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर त्यातलं बरंच बाहेर काढतं. क्विकची खूण काढून केलेलं फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहितं. एक्सपीमध्ये तेच फॉरमॅट फक्त खराब सेक्टर तपासत असे. "फुल फॉरमॅट करूनही डेटा परत आला" ही जुनी तक्रार त्या काळातली आहे, आज ती लागू नाही.

म्हणून आधी हेतू ठरवा. पीसी घरातच राहणार आणि फक्त विंडोज नव्याने टाकायचं असेल तर क्विक पुरे. डिस्क घराबाहेर जाणार असेल तर पुसायलाच हवी, आणि पुसायची पद्धत डिस्क फिरणारी (एचडीडी) आहे की मेमरी चिपवाली एसएसडी यावर ठरते. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्कखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं.

सोनचाफा

फॉरमॅटच्या आधी काय काढून ठेवायचं ते लिहिते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो कुणी विसरत नाही. विसरलं जातं ते वेगळंच.

टॅली वापरत असाल तर नुसती डेटा फोल्डर कॉपी करून भागत नाही. आधी लायसन्स सरेंडर करा (टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, लायसन्स). डेटाचा मार्ग टॅलीच्या आतच बघा, कारण तो प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो. बॅकअप घेतल्यावर दुसऱ्या पीसीवर एकदा रिस्टोअर करून कंपनी उघडते का ते पाहा.

जुनी मराठी कागदपत्रं श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्ट कॉपी करा. ते युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नव्हेत. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. सोसायट्यांची इतिवृत्तं, पतसंस्थांचे जुने ठराव, छापखान्यांच्या फायली यांत हे हमखास होतं.

आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरमध्ये असते. आउटलुक चालू असताना ती कॉपी होत नाही, आधी बंद करा. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, ते जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर जातो, तेव्हा त्याचा इन्स्टॉलर जवळ ठेवा. ब्राउझरचे पासवर्ड सिंक झालेत का ते फोनवर उघडून बघा.

आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप)! पुष्कळ नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. बायोसमध्ये काही बदललंत आणि जुन्या विंडोजमध्ये परत जायची वेळ आली, तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधीच खात्यातून उतरवून कागदावर लिहा.

शून्यवादी

आता विंडोज नव्याने टाकण्याचा क्रम. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमनमध्येच करायच्या.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, तेच पेन ड्राइव्ह तयार करतं (त्यावरचं सगळं जातं). आयएसओ (इन्स्टॉलरची एकच मोठी फाइल) उतरवून नुसत्या फायली कॉपी करू नका. त्यातली मुख्य विम फाइल बहुधा ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट३२ पेन ड्राइव्हवर ती मावत नाही. रूफस हे पेन ड्राइव्ह बनवायचं साधन वापरलंत तर ते एनटीएफएसवर (मोठ्या फायली चालणाऱ्या फाइल सिस्टिमवर) सोय करून देतं.

बूट मेन्यूची (पीसी कशावरून सुरू करायचा ती यादी) कळ: डेल, लेनोवो आणि एसरला एफ१२ (एसरवर आधी बायोसमधून चालू करावी लागते), एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, असूसच्या मदरबोर्डला एफ८, एमएसआय आणि एएसरॉकला एफ११, गिगाबाइटला एफ१२. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लिहिलेला घ्या. दुसरा घेतलात तर इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि पुढे जीपीटी-एमबीआरचा (पार्टिशन तक्त्याच्या नव्या-जुन्या पद्धतींचा) घोळ होतो.

दोन डिस्क असलेल्या डेस्कटॉपवर दुसरीची केबल सरळ काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली जाणं हे एक कारण. दुसरं असं की इन्स्टॉलर कधी कधी बूटचं पार्टिशन दुसऱ्याच डिस्कवर करतो, मग ती डिस्क काढली की नवं विंडोज सुरूच होत नाही.

भाषेच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर एफएन कळही), काळी खिडकी उघडेल. तिथे टाइप करा डिस्कपार्ट. मग लिस्ट डिस्क. इथे आकार वाचा: १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५. आकारावरून ओळखा, क्रमांकावरून नको. कारण पेन ड्राइव्हही याच यादीत असतो आणि क्रमांक दर वेळी तेच राहतील असं नाही. सिलेक्ट डिस्क आणि क्रमांक. पुन्हा एकदा लिस्ट डिस्क, निवडलेल्या डिस्कपुढे तारा दिसतो. मग क्लीन.

क्लीन दोन सेकंदांत होतं, कारण ते फक्त पार्टिशनची माहिती उडवतं. क्लीन ऑल प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची १ टीबी डिस्क सरासरी १०० एमबी प्रतिसेकंद धरली तरी पावणेतीन तास लागतात. पडद्यावर टक्केवारी येत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. अडकलं समजून बंद करू नका, डिस्कचा दिवा बघा.

संपल्यावर एक्झिट, खिडकी बंद, इन्स्टॉलर पुढे चालू. रिकामी जागा निवडून नेक्स्ट म्हणा, पार्टिशन हाताने करू नका. तो स्वतःच बूटसाठी १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं राखीव, मग सी आणि रिकव्हरी अशी मांडणी करतो. लायसन्सची की विचारली तर "माझ्याकडे की नाही" म्हणा आणि आधी होम होतं तर होमच निवडा. ब्रँडेड मशीनची की मदरबोर्डवरच असते, इंटरनेट मिळालं की विंडोज स्वतः सक्रिय होतं.

पाचवा_मजला

सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत, डीमधलं तसंच ठेवायचंय. तरी क्लीन?

शून्यवादी

अजिबात नाही. क्लीन म्हणजे सगळी डिस्क, डी आणि ई सकट.

इन्स्टॉलरच्या यादीत फक्त जुनं सी आणि त्याच डिस्कवरची ईएफआय, राखीव, रिकव्हरी ही छोटी पार्टिशनं काढा आणि तिथे तयार झालेल्या रिकाम्या जागेत विंडोज टाका. काळ्या खिडकीतली ड्राइव्हची अक्षरं मात्र धरून चालू नका. पेन ड्राइव्हवरून सुरू झाल्यावर तुमचं डी तिथे सी म्हणून दिसू शकतं. नोटपॅड असं टाइप करून फाइल उघडायची खिडकी आणा आणि आत काय आहे ते डोळ्यांनी बघा. लेबल दिलेलं असेल तर काम सोपं, आजच डीला नाव देऊन ठेवा.

खटपट्या

यात एक गाठ आहे. जुन्या असेंबल्ड पीसीवर डिस्क एमबीआर असते, आणि डी, ई, एफ हे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल करून दिलेले असतात. आपल्याकडे दुकानातून मशीन असंच यायचं. अशा डिस्कवर यूईएफआयमधून विंडोज टाकायला गेलं की "निवडलेल्या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे" म्हणून अडतं. डेटा न घालवता बदलायला विंडोज १० च्या १७०३ पासून एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे, पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशनं चालतात आणि लॉजिकल एकही चालत नाही. म्हणजे नेमकं ज्यांना हवं त्यांनाच नाही म्हणतं.

मग दोनच मार्ग उरतात. डीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. किंवा बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूट पद्धतीची सोय) चालू ठेवून जुन्याच पद्धतीने विंडोज १०. माझं मत पहिल्याला. नाहीतरी एकाच डिस्कवरचं डी हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

ताम्हण

एसएसडीबद्दल. वर क्लीन ऑल सांगितलंय ते फिरत्या डिस्कसाठी उत्तम, एसएसडीसाठी ती चुकीची पद्धत आहे. एसएसडीचा कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो, आणि तुम्हाला न दिसणारी जास्तीची जागाही राखून ठेवतो. तुम्ही सगळीकडे शून्यं लिहिली तरी बाद केलेल्या ब्लॉकमध्ये जुने तुकडे राहू शकतात. वर झीज झाली ती वेगळीच.

हे खरं की विंडोज एसएसडीवर क्विक फॉरमॅट केलं तरी सगळ्या जागेसाठी ट्रिम (ही जागा आता रिकामी, अशी सूचना) पाठवतं, आणि त्यानंतर नेहमीच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला फारसं काही मिळत नाही. घरगुती फोटोंसाठी तेवढ्यावर भागेल. पण सीएचं ऑफिस, दवाखाना, वकील यांनी त्यावर विसंबू नये.

बरोबर मार्ग म्हणजे डिस्कलाच स्वतःला पुसायला सांगणे. आधी बायोस धुंडाळा. डेलच्या व्यावसायिक मॉडेलमध्ये डेटा वाइप, एचपीच्या प्रोबुक-एलिटबुकमध्ये सिक्युअर इरेज असतं. असूसच्या बऱ्याच मदरबोर्डवरही ते आहे. तिथे मिळालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही मिळालं तर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह. आधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन डिस्कचं नाव आणि आकार बघा. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) असेल तर एनव्हीएमई-सीएलआय पॅकेज टाका, मग एनव्हीएमई फॉरमॅटची आज्ञा, पुढे डिस्कचं नाव आणि एसईएस=१ (२ दिलं तर डिस्कच्या आतली एन्क्रिप्शनची किल्लीच बदलते, सगळ्या डिस्कना ते जमत नाही). बहुतेक काही सेकंदांत काम होतं.

साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी असेल तर एचडीपार्म ही आज्ञा. हायफन, मोठा आय आणि डिस्कचं नाव देऊन माहिती छापा, शेवटच्या सिक्युरिटी भागात "नॉट फ्रोझन" हवं. नुसतं "फ्रोझन" दिसलं तर बायोसने कुलूप घातलंय. मशीन स्लीपमध्ये टाकून उठवा, बहुतेकदा सुटतं. मग सिक्युरिटी-सेट-पास ने तात्पुरता पासवर्ड द्या (एक अक्षरही चालेल, पण रिकामा नको) आणि त्याच पासवर्डने सिक्युरिटी-इरेज. पूर्ण झालं की पासवर्ड आपोआप निघतो.

मध्येच वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डने कुलूपबंद राहते आणि बायोसला वाटतं डिस्क मेली. मेलेली नसते. पुन्हा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून त्याच पासवर्डने इरेज चालवा. म्हणूनच पासवर्ड साधा ठेवायचा आणि लिहून ठेवायचा. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर.

आणि हे यूएसबी केसमध्ये घातलेल्या डिस्कवर कधीच करू नका. मधली चिप सिक्युरिटीच्या आज्ञा अर्धवट पोचवते आणि डिस्क कायमची अडकू शकते. थेट साटाला जोडा.

सोनचाफा

हे सगळं न झेपणाऱ्यांसाठी सोपी पायरी: विंडोज प्रो असेल तर आधी बिटलॉकर चालू करा, त्यात "पूर्ण ड्राइव्ह" निवडा ("फक्त वापरलेली जागा" नको, कारण पूर्वी डिलीट केलेलं तसंच उघडं राहतं). एन्क्रिप्शन १०० टक्के झाल्यावर पेन ड्राइव्हवरून सगळी पार्टिशनं काढून नव्याने विंडोज. मागे जे तुकडे राहतील ते किल्लीशिवाय निरुपयोगी. मायक्रोसॉफ्ट खात्यातली त्या मशीनची रिकव्हरी कीही काढून टाका.

सेटिंग्जमधलं "रीसेट धिस पीसी" वापरलंत तर "रिमूव्ह एव्हरीथिंग" नंतर "चेंज सेटिंग्ज" उघडून "क्लीन डेटा" चालू करा. ते आपणहून चालू नसतं.

रानजाई

तीन वेळा, सात वेळा, पस्तीस वेळा लिहा असं सांगतात. काही प्रोग्राममध्ये तसे पर्यायही आहेत.

शून्यवादी

पस्तीस वेळांची पद्धत संशोधक पीटर गटमनच्या १९९६ च्या निबंधातली आहे. त्यातले नमुने त्या काळच्या डिस्कच्या एन्कोडिंग पद्धतींसाठी होते, सगळ्या पद्धती मिळून पस्तीस. एका डिस्कला ते सगळे कधीच लागू नव्हते, असं खुद्द गटमननेच नंतर लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका आजच्या चुंबकीय डिस्कला एक फेरी पुरेशी मानते. १ टीबीवर पस्तीस फेऱ्या म्हणजे चार दिवस वीज जाळायची. त्यापेक्षा एक फेरी करा आणि ती खरंच झाली का ते तपासा.

तपासणं सोपं आहे. लिनक्सवर सीएमपी या तुलना करणाऱ्या आज्ञेला डिस्क आणि डेव्ह-झीरो (फक्त शून्यं देणारी फाइल) अशी दोन नावं द्या. सगळी शून्यं असतील तर डिस्कच्या नावासकट ईओएफ (फाइल संपली) येतं, नसतील तर पहिला वेगळा बाइट कुठे आहे ते सांगते. डिस्क पूर्ण वाचली जाते, तेव्हा पुसायला लागला तेवढाच वेळ धरा. विंडोजवर एचएक्सडी (डिस्कवरचे बाइट दाखवणारं साधन) उघडून सुरुवात, मध्य, शेवट असे चार-सहा ठिकाणचे सेक्टर बघितले तरी अंदाज येतो. एनवाइप हे डिस्क पुसायचं साधन वापरत असाल तर झीरो पद्धत निवडून व्हेरिफाय चालू करा, वेगळं तपासायला नको. डीबॅन या पुसायच्या साधनाच्या जुन्या सीडी अजून फिरतात. त्याचं काम २०१५ नंतर पुढे गेलेलं नाही, एसएसडीसाठी ते बनलेलंच नाही. नवीन काही वापरा.

खटपट्या

शून्यं लिहिण्याचा एक आडफायदा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी५, म्हणजे पेंडिंग (नीट वाचता न आलेले) सेक्टर दिसत असतील, तर त्यांवर लिहिलं गेल्यावर डिस्क ठरवते: जागा ठीक असेल तर आकडा कमी होतो, नसेल तर राखीव सेक्टर वापरून ०५ चा आकडा वाढतो. पुसण्याआधी आणि नंतर दोन्ही आकडे लिहून घ्या. सी५ शून्यावर आला आणि ०५ स्थिर, तर डिस्क अजून चालेल. ०५ वाढतच असेल तर त्या डिस्कवर विंडोज टाकण्यात अर्थ नाही, आणि विकत घेणाऱ्याला तसं सांगा.

"लो लेव्हल फॉरमॅट करून देतो" म्हणून कुणी वेगळे पैसे घेत असेल तर ते हेच शून्यं लिहिणं. खरं लो लेव्हल फॉरमॅट आजच्या डिस्कवर कारखान्यातच होतं.

पाचवा_मजला

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर? यादी कोरी, पण बायोसमध्ये एसएसडी आहे.

ताम्हण

इंटेल ११ व्या पिढीपासूनचा लॅपटॉप असणार. बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं आणि विंडोजच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याचा आरएसटी नावाचा ड्रायव्हर उतरवा. इंटेलचा एक्सई मिळाला तर त्याला हायफन-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचं नाव देऊन आतल्या आयएनएफ फायली बाहेर काढा, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" मधून तो फोल्डर दाखवा. नुसता एक्सई ठेवून उपयोग नाही.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. मात्र एकदा तसं विंडोज टाकलंत की पुन्हा ते चालू करू नका, निळा पडदा येईल.

नव्या विंडोजला वायफाय सापडलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. ॲण्ड्रॉइड फोन बहुधा विनाड्रायव्हर चालतो, मग बाकीचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात.

रानजाई

मॅकचं कुणीतरी दोन ओळीत सांगा.

सोनचाफा

ॲपलची चिप किंवा टी२ (ॲपलची सुरक्षा चिप) असलेल्या मॅकवर मॅकओएस मॉन्टेरेपासून पुढे "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" आहे. एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट होते, काही मिनिटांचं काम. त्याहून जुन्या इंटेल मॅकवर आधी आयक्लाउडमधून बाहेर पडा, मग कमांड-आर धरून सुरू करा, डिस्क युटिलिटीत व्ह्यू मेन्यूतून "शो ऑल डिव्हायसेस", सगळ्यात वरची ओळ (आतला व्हॉल्यूम नव्हे) निवडून इरेज. फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी. ॲपलची चिप किंवा टी२ असलेल्या मॅकवर फाइंड माय चालू राहिलं तर घेणाऱ्याला मॅक वापरता येणार नाही.

पाचवा_मजला

शेवटचं. डिस्क सुरूच होत नसेल, पण आत हिशेबाच्या फायली आहेत, तर?

शून्यवादी

सुरू न होणारी डिस्क सॉफ्टवेअरने पुसता येत नाही, पण तिचं सर्किट बोर्ड दुरुस्त करून डेटा काढणारे आहेत. म्हणून भंगारात तशीच देऊ नका. साडेतीन इंची डिस्क उघडायला टॉर्क्सचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, आतल्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकडी बहुधा काचेची असते आणि ठिकऱ्या उडतात. केस न उघडता जाड कापडात गुंडाळून हातोडा, डोळ्यांवर चष्मा. एसएसडीत प्रत्येक मेमरी चिप फुटायला हवी, बोर्डाच्या दोन्ही बाजू बघा. फुटलेले तुकडे घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या.

मशीन अजून वॉरंटीत असेल तर डिस्क फोडण्याआधी विचारा. काही कंपन्यांच्या व्यावसायिक योजनांत खराब डिस्क स्वतःकडेच ठेवायची सोय असते, पण ती खरेदीच्या वेळी वेगळी घ्यावी लागते.